आधी कॅमेरा, मग मदत

दूरच्या एखाद्या देशात संकट आलं की तिथं मदत पाठवायची की नाही, हे सरकारं कशावरून ठरवतात? किती माणसं दगावली, किती उपाशी आहेत यावरून, असं आपण धरून चालतो. पण त्या आठवड्यात बातम्यांमध्ये जागा होती की नाही, यावरही बरंच अवलंबून असतं.

२३ ऑक्टोबर १९८४ ची गोष्ट. इथिओपियातल्या कोरेम इथल्या दुष्काळग्रस्तांचं मायकल बर्क यांनी केलेलं वार्तांकन बीबीसीनं दाखवलं. चित्रण मोहम्मद अमीन यांचं होतं. दुष्काळ काही त्या दिवशी पडला नव्हता. धोक्याचे इशारे कितीतरी आधी दिले गेले होते. पण ती दृश्यं घराघरांत पोहोचली, तेव्हा कुठे पाश्चात्त्य सरकारं हलली.

कुणी म्हणेल, संकटच मोठं होतं, म्हणून बातमीही आली आणि मदतही. ही शंका रास्त आहे. थॉमस आयझेन्से आणि डेव्हिड स्ट्रोम्बर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी तिचं उत्तर शोधलं. १९६८ ते २००२ या काळातल्या सुमारे ५००० नैसर्गिक आपत्ती आणि अमेरिकेनं त्या वेळी केलेली मदत त्यांनी तपासली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. ऑलिंपिक सुरू असताना आलेल्या आपत्तीला बातम्यांत जागा कमी मिळाली आणि मदत मिळण्याची शक्यताही घटली. आता, स्पर्धांमुळे पीडितांचं दुःख तर कमी होत नाही! अमेरिकी दूरचित्रवाणीबद्दल त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. ज्वालामुखीच्या एका बळीमुळे बातमी होण्याची जेवढी शक्यता असते, तेवढी अन्नटंचाईत निर्माण व्हायला सुमारे ४० हजार बळी जावे लागतात. ज्वालामुखी क्षणात भडकतो, भूक मात्र हळूहळू मारते. तिची ‘आजची बातमी’ होत नाही.

या उशिराची किंमत मोजावी लागते. २००४ मध्ये नायजर देशात अवर्षण आणि टोळधाड यांनी पिकं गेली. मदतीच्या आवाहनांना फारसा प्रतिसाद मिळाला नाही. जुलै २००५ मध्ये कुपोषित मुलांची दृश्यं पडद्यावर आली आणि पैसा वाहू लागला. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे मदतकार्य प्रमुख यान एगेलान यांनी त्या वेळी सांगितलं, की वेळीच पावलं उचलली असती तर एका मुलाचं कुपोषण रोज एका डॉलरमध्ये टाळता आलं असतं. आता त्याच मुलाला वाचवायला ८० डॉलर लागतात.

यात दोष केवळ पत्रकारांचा नाही. त्यांनी दाखवलं म्हणून तर लाखो जीव वाचले. पण मदत कॅमेऱ्याची वाट पाहत थांबू नये, अशी व्यवस्था हवी. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये केंद्रीय आपत्कालीन निधी सुरू केला. त्यातला काही भाग दुर्लक्षित संकटांसाठी असतो. ही चांगली सुरुवात आहे, पण गरजेच्या मानानं तो निधी तोकडाच आहे.

आपणही एक करू शकतो. पडद्यावर उपाशी मूल दिसलं, की हळहळण्याबरोबरच विचारायचं, ‘हे केव्हापासून चाललंय, आणि आम्हाला आजच का कळतंय?’