सेवन, दुरुपयोग, अवलंबन आणि व्यसन
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त झालेले भाषण)



ज्युबिली म्हणजे आनंदाचा सण खरा. परंतु जुन्या करारातील ज्युबिलीचे वर्ष हे दासांच्या सुटकेचेही वर्ष होते. म्हणून ह्या मंगलप्रसंगी आपल्या घराघरांत शिरलेल्या एका दास्याविषयी बोलण्याची आम्ही अनुज्ञा घेतो. ते दास्य मद्याचे व तत्सम मादक पदार्थांचे होय.

"तो पितो" एवढे दोन शब्द उच्चारून आपण चार निरनिराळ्या अवस्थांतील माणसांस एकाच माळेत ओवतो. ह्या अवस्था म्हणजे सेवन, दुरुपयोग, अवलंबन आणि व्यसन. ह्यांतील भेद न ओळखता केलेला उपदेश वाया जातो, आणि प्रसंगी घातकही ठरतो.

पहिले सेवन. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. संत पौलाने तीमथ्यास पोटाच्या विकारावर थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. पदार्थ मुळातच पापमय आहे, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही. तथापि मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे, हेही ध्यानी असावे.

दुसरा दुरुपयोग. लग्नाच्या मांडवात पोरसवदा मुलाच्या हाती पेला देणे, पिऊन मोटारसायकल हाकणे, मुलांच्या फीचे पैसे गुत्त्यावर उधळणे, हा दुरुपयोग होय. मग असा प्रसंग वर्षातून दोनदाच का घडेना. येथे मनुष्याचा स्वतःवरील ताबा बहुधा शाबूत असतो. म्हणून कानउघाडणी, पश्चात्ताप व निर्धार ह्यांस येथे पूर्ण वाव आहे.

तिसरे अवलंबन. येथे शरीरच त्या पदार्थाला सरावते. पूर्वीचाच परिणाम साधण्यास अधिक मात्रा लागते आणि तो एकाएकी तोडल्यास शरीर बंड करते. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर डॉक्टर मॉर्फिन देतात, तेव्हा रोग्याचे शरीर त्यास सरावू शकते. पण तेवढ्यावरून तो व्यसनी ठरत नाही. गरज संपल्यावर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवितात. हा भेद न कळल्यामुळे काही कुटुंबे "सवय लागेल" ह्या भीतीने आपल्या माणसास तळमळत ठेवतात.

दारूच्या बाबतीत हा भेद आम्हांस फार उशिरा कळला. काही वर्षांपूर्वी राखेच्या बुधवारी एका गृहस्थास आम्ही वेदीसमोर उभे करून, त्या क्षणापासून थेंबही न घेण्याची शपथ घालविली. तिसऱ्या दिवशी त्यांचे हातपाय थरथरू लागले, झटके आले, ते असंबद्ध बडबडू लागले. इस्पितळात नेल्यावर देवकृपेने वाचले. त्यांची पत्नी आम्हांस म्हणाली, "फादर, तुम्हांला दिलेला शब्द ह्यांनी पाळला. त्यातच जाणार होते." अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीवाचून दारू एकाएकी तोडल्यास मृत्यूही ओढवू शकतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. शपथ खोटी नव्हती. तिच्या आधी डॉक्टर हवा होता.

चौथे व्यसन. येथे केवळ शरीर नव्हे, तर मनही बंदिवान होते. हानी डोळ्यांदेखत दिसत असूनही हात पेल्याकडे जातो. शरीर निर्मळ होऊन महिने लोटले तरी ओढ परत उसळते. वैद्यकशास्त्र ह्यास दीर्घकालीन आजार मानते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली दुरुपयोग व अवलंबन ही दोन वेगळी निदाने रद्द करून सौम्य, मध्यम व तीव्र अशा श्रेणींचा एकच विकार मानला. म्हणजे ह्या अवस्थांमधील सीमा भिंतीसारख्या पक्क्या नाहीत. आजचा दुरुपयोगी उद्याचा व्यसनी होऊ शकतो.

येथे संत मार्क जी तियानश्यांग ह्यांचे स्मरण होते. हे चीनमधील वैद्य. पोटाच्या दुखण्यावर त्यांनी अफू घेतली आणि औषधाचे व्यसन झाले. अफू सुटत नाही, तर पश्चात्तापच खरा नाही, असे मानून त्यांना संस्कारांपासून दूर ठेवण्यात आले. तीस वर्षे ख्रिस्तप्रसाद न मिळताही ते मिस्सेस येत राहिले. १९०० साली बॉक्सर बंडात ते सहकुटुंब पकडले गेले. आपल्या माणसांपैकी कोणीही एकटे मरू नये म्हणून, आपणांस सर्वांच्या शेवटी मारावे अशी त्यांनी विनंती केली. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांना संतपद दिले.

त्या धर्मगुरूंस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही; आम्हीही तेच केले होते. सवय व आसक्ती ह्यांमुळे मनुष्याची जबाबदारी कमी होऊ शकते, असे १९९२ सालचा ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. ह्याचा अर्थ व्यसनी मनुष्यावर कोणतेच कर्तव्य उरत नाही, असा नव्हे. उपचार घेणे व मदतीचा हात धरणे, हे त्याचे कर्तव्य. पुण्यात १९८६ साली स्थापन झालेल्या मुक्तांगणासारख्या संस्था, तसेच १९३५ साली अमेरिकेत उगम पावलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा, ह्यांसाठीच आहेत.

आणि आपले कर्तव्य? सेवन करणाऱ्यास सावध करावे, दुरुपयोग करणाऱ्यास अडवावे, शरीराने अवलंबून असलेल्यास डॉक्टरकडे न्यावे आणि व्यसनी मनुष्यास देवळाच्या दारातून परत पाठवू नये. तो दहाव्यांदा पडून आला, तरी आमचे पापनिवेदनाचे आसन त्याच्यासाठी मोकळे राहील. ह्या ज्युबिलीच्या वर्षी एक जरी घर ह्या दास्यातून सुटले, तरी आपला सण प्रभूचरणी रुजू झाला, असे आम्ही समजू.

प्रभू आपणां सर्वांचे कल्याण करो. आमेन.