पियानोच्या मैफलीचा समतोल

वादकास जेवढें येतें तेवढें सर्व एकाच बैठकींत वाजवून दाखवावें, हा मोह मोठमोठ्या कलावंतांनाही आवरत नाहीं. पियानोच्या बाबतींत तर तो विशेष घातक ठरतो. कारण तेथें साथीला तबला नाहीं, विसावा देणारा दुसरा गवई नाहीं; दीड तास एकच वाद्य आणि एकच वादक. ही चालही फारशी प्राचीन नव्हे. पूर्वीं युरोपांतील जलशांत गायक, वाद्यवृंद व पियानोवादक यांची सरमिसळ असे. १८३९ सालीं रोममध्यें फ्रान्झ लिस्ट यानें एकट्यानें सबंध कार्यक्रम पार पाडला, व पुढल्याच वर्षीं लंडनमध्यें त्याच्या वादनाला 'रिसायटल' हें नांव मिळालें. तेव्हांपासून चिजांची निवड ही वादकाची मोठीच जबाबदारी होऊन बसली.

रशियाचा आंतोन रुबिनस्टाइन यानें १८८५-८६ सालीं सात जलशांच्या मालिकेंत पियानोच्या संगीताचा इतिहासच श्रोत्यांपुढें उभा केला. त्यांतील दुसऱ्या जलशांत त्यानें बेथोवेनच्या आठ सोनाटा एका बैठकींत वाजविल्या. तो पराक्रम खरा. परंतु पराक्रम म्हणजे सर्वांनीं गिरवावयाचा कित्ता नव्हे. कान लवकर थकतो. एकाच लयीच्या दोन चिजा लागोपाठ आल्या, कीं दुसरीचें निम्में सौंदर्य वायां जातें. दोन भारी चिजा एकमेकींना खेटून ठेवल्या, तर पहिलीचा ठसा दुसरी पुसून टाकते. ताटांत पांचही पक्वान्नेंच वाढलीं म्हणजे जेवण उत्तम होतें असें नाहीं. मीठ, लिंबू व कोशिंबीर यांनाही त्यांची जागा असते. म्हणून काय वाजवावें याहून काय सोडावें, व घेतलेलें कोणत्या क्रमानें मांडावें, हाच खरा प्रश्न.

या प्रश्नाचें एक सुंदर उत्तर १६ सप्टेंबर १९५० रोजीं फ्रान्समधील बझांसों या गांवीं मिळालें. वादक होता दिनू लिपात्ती. १९१७ सालीं बुखारेस्ट येथें जन्मलेला, पॅरिसमध्यें शिकलेला व पुढें जिनीव्हाच्या संगीतशाळेंत अध्यापक झालेला हा तरुण त्या वेळीं हॉजकिनच्या असाध्य विकारानें खंगला होता. डॉक्टरांनीं न जाण्याचा सल्ला दिला असतांही, दिलेला शब्द मोडावयाचा नाहीं, या निश्चयानें तो गेला.

त्याच्या कार्यक्रमांत चारच रचनाकार होते. आरंभीं बाखची बी फ्लॅट मेजरमधील पार्टिटा. १७२६ सालीं छापलेली ही रचना म्हणजे एका प्रस्तावनेमागून ओवलेल्या जुन्या नृत्यांची माळ; तीं नृत्यें कधीं संथ, कधीं चपळ. वादकाचीं बोटें तिनें मोकळीं होतात आणि श्रोत्यांचें चित्त स्थिर होतें. त्यानंतर मोझार्टची ए मायनरमधील सोनाटा. १७७८ सालीं, ज्या वर्षीं पॅरिसमध्यें त्याची आई निवर्तली त्याच वर्षीं, त्याच नगरींत ती रचली गेली. कार्यक्रमांतील सर्वांत गंभीर चीज हीच. ती शेवटीं न ठेवतां, श्रोत्यांचा कान ताजा असतांनाच मांडलेली. तिच्यामागून शूबर्टचे दोन इम्प्रॉम्प्ट्यु. एकांत दीर्घ गाण्यासारखी संथ स्वररेषा, तर दुसऱ्यांत झऱ्यासारखी अखंड धांव. दुःखानंतरचा हा विसावा. आणि अखेरीस शोपँचे चौदा वॉल्ट्झ. कांहीं दोन मिनिटांच्या आंत आटोपणारे, कांहीं चार-पांच मिनिटें चालणारे. ते छापील क्रमानें न घेतां लिपात्तीनें त्यांचा क्रम स्वतः ठरविला होता.

नीट पाहिलें तर या कार्यक्रमाचा आरंभ नृत्यानें व शेवटही नृत्यानेंच होतो. मध्यें शोक आणि गीत. शतकांचा क्रम तर सांभाळलेला आहेच, पण त्याहून अधिक सांभाळलेला आहे तो भावांचा क्रम. बोटांची करामत दाखविण्यासाठीं घेतलेली अशी चीज त्यांत एकही नाहीं.

त्या दिवशीं तेरा वॉल्ट्झ झाले आणि लिपात्तीची शक्ति संपली. चौदावा त्याच्यानें वाजवेना. त्याऐवजीं त्यानें बाखचें एक शांत भक्तिगीत वाजविलें. इंग्लंडच्या मायरा हेस यांनीं तें पियानोवर बसविलेलें होतें. आपल्याकडील मैफल जशी भैरवीनें मिटते, तशी ती मैफल मिटली. जेथून आरंभ झाला होता त्या बाखपाशींच ती परत आली. २ डिसेंबर १९५० रोजीं जिनीव्हा येथें लिपात्ती वारला. त्याचें वय ३३ वर्षांचें होतें. त्या मैफलीचें ध्वनिमुद्रण झालें होतें व तें आजही ऐकावयास मिळतें.

त्या मुद्रणांत तेराच वॉल्ट्झ आहेत. तरी तें ऐकणाऱ्यास मैफल अर्धवट राहिल्यासारखें वाटत नाहीं. नवशिक्या वादकानें आपल्या कार्यक्रमाची यादी करतांना हीच कसोटी लावावी. जी यादी केवळ चिजांच्या संख्येवर उभी असते, ती एक चीज गळतांच लंगडी पडते. ज्या यादींत प्रत्येक चीज मागच्या चिजेला उत्तर देते आणि पुढच्या चिजेला वाट करून देते, ती शेवटची चीज राहून गेली तरी पूर्णच राहते.