कोपीवरचं लेकरू कुणाच्या यादीत?

अंगणवाडी, पोषण आहार, डोस हे काही तुम्हाला नव्यानं सांगायला नको. 1975 पासून आपण ते बघतोय. मला बोलायचंय ते ऊसतोडीला आलेल्या लेकरांबद्दल. बीडकडची कुटुंबं दसरा-दिवाळीला गाव सोडतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. लेकराचं नाव गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात आणि लेकरू सांगली-कोल्हापूरकडच्या फडावर. तिकडचा आहार तिकडेच राहतो आणि इकडे त्याला कुणी आपलं म्हणत नाही.

पहाटे एखाद्या कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, जाऊन बघा. आईबाप अंधारातच कोयते घेऊन गेलेले. दीड वर्षाचं पोर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. खायला काय, तर चहात बुडवलेली शिळी भाकरी. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, तर मूल तीव्र कुपोषित. पण तो मोजायची पट्टी घेऊन इथवर यायचं कुणी?

रब्बीची ज्वारी पोटरीत असताना पाणी चुकलं, तर मागून पाट फोडून सोडा, दाणा भरत नाही. लेकराची पहिली दोन वर्षं ही पोटरीची वेळ. नेमकी तेव्हाच आपण पाच-सहा महिने पाळी चुकवतो. आणि परत गेल्यावर वजन कमी भरलं की बोल आईला लावतो! कणीस पोचट राहिलं, त्यात ताटाचा काय दोष?

गाव सोडलं म्हणून लेकराचा हक्क सुटत नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतला आहार दिलाय. तेव्हा ठरलं होतं, रोज 500 कॅलरी, कुपोषित असेल तर 800. आणि सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश आहे : वस्तीत सहा वर्षांखालची 40 मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यायची. तीन महिने म्हणजे निम्मा हंगाम. म्हणून मागणी तोडकऱ्यांच्या टोळ्या उतरल्या उतरल्याच व्हायला हवी.

तुमच्या शिवारात टोळी उतरली असेल, तर आज संध्याकाळीच कोप्यांवर जा. लहान पोरं मोजा, नावं लिहा, गोवराची लस झालीय का विचारा. ती यादी जवळच्या अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना द्या. ‘यांची नावं गावाकडं आहेत’ असं कुणी म्हणालं, तर गाव सोडलं म्हणून हक्क सुटत नाही, हे तुम्ही सांगा. 40 पोरं भरली, तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज करा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.