झडपेची शस्त्रक्रिया आणि कोलेस्टेरॉलची गोळी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी बरीच वर्षे हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका होते. त्यामुळे पुष्कळजणी मला विचारतात, "घरात झडपेचे ऑपरेशन ठरले आहे. ठोके बिघडू नयेत म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी आधीपासून द्यावी का?" लहानपणीच्या सांधेतापाने झडप खराब झालेल्या बायका आपल्याकडे कमी नाहीत, तेव्हा याचे उत्तर सर्वांनाच उपयोगी पडेल.

शस्त्रक्रियेनंतर, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल सुटतो. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर तीनांत एकाला तरी हा त्रास होतो. बहुतेकांचा ताल पुन्हा जुळतो. पण तो बिघडलेला असताना कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो.

शस्त्रक्रियेने शरीरात जो दाह उठतो, तो या बिघाडाचे एक कारण आहे. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन जातीची औषधे दाहही थोडा शमवतात; म्हणून डॉक्टरांना आशा वाटली. २००६ साली इटलीतील २०० रोग्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ही गोळी आधी सात दिवस घेतलेल्यांत ताल बिघडण्याचे प्रमाण शेकडा ३५ होते, न घेतलेल्यांत ५७. सर्वत्र आनंद झाला. परंतु शितावरून भाताची परीक्षा होते, औषधाची होत नाही! २०१६ साली चीनमधील १९२२ रोग्यांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत बहुतेक बायपासचे व काही झडपेचे रोगी होते. गोळी खरी असो वा नुसती दिखाऊ, दोन्हीकडे शेकडा सुमारे २१ जणांचा ताल बिघडलाच. उलट, खरी गोळी घेतलेल्यांत मूत्रपिंडाला इजा झालेले अधिक निघाले.

म्हणून केवळ ठोक्यांसाठी ही गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून सुरू करू नये. मात्र कोलेस्टेरॉलसाठी किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी ती आधीच चालू असेल, तर आपल्या मनाने बंदही करू नये. ठोके मंद ठेवणाऱ्या गोळीचेही तसेच. ती एकाएकी सोडली तर ताल बिघडण्याचा धोका वाढतो. घरातल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी आणि ते सांगतील तसे करावे.

रोगी घरी आल्यावर रोज मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ती वेडीवाकडी लागली, धडधड किंवा धाप वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवण्याची गोळी दिली असेल, तर तिची वेळ व रक्ततपासणी चुकवू नये.

भगिनींनो, आजारी माणसाच्या उशाशी बहुधा आपणच बसलेल्या असतो. नाडी पाहायला डॉक्टर व्हावे लागत नाही. सभेनंतर मी थांबणार आहे. जिला शिकायची असेल तिने अवश्य यावे.