रक्ताचा दोष कीं परमुलुखाचा?

सांगली जिल्ह्यांतील विटा-आटपाडीच्या कमी पावसाच्या मुलुखांतून तरुण मुलें गलाईच्या धंद्यासाठीं, म्हणजे सोनें-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या कामासाठीं, देशाच्या कानाकोपऱ्यांत जातात. साताऱ्याच्या माण-खटावकडील तरुण पोटासाठीं मुंबईची वाट धरतात. परकी भाषा, अपुरी झोप, भट्टीची धग, हें सारें बहुतेकांच्या अंगवळणीं पडतें. परंतु एखादा हळूहळू अबोल होतो. जवळ कोणी नसतां त्याला बोलणें ऐकूं येतें. सोबतीच आपल्या जिवावर उठले आहेत अशी त्याची खात्री होते. त्याला गांवीं आणलें कीं घरांत दोन पक्ष पडतात. आई म्हणते, परमुलुखानें पोराचें डोकें फिरविलें. भावकी कुजबुजते, यांच्या रक्तांतच वेड आहे.

दोन्ही पक्षांपाशीं अर्धें सत्य आहे, आणि अर्धें सत्य घेऊन भांडणारांची समजूत घालणें सर्वांत कठीण.

या विकारास छिन्नमनस्कता म्हणतात. स्किझोफ्रेनिया हें नांव त्यास स्विस वैद्य ब्लॉइलर यांनीं 1908 सालीं दिलें. आयुष्यांत केव्हां तरी तो शंभरांत सुमारें एकास होतो; आई किंवा बाप रोगी असल्यास अपत्यांत हें प्रमाण शंभरांत दहाच्या आसपास जातें. म्हणजे रक्ताचा संबंध आहेच. पण अगदीं एकसारख्या जुळ्या भावांपैकीं एकास विकार जडला, तरी निम्म्याहून अधिक वेळां दुसरा त्यापासून मुक्त राहतो. शिवाय बहुतेक रोग्यांचे आईबाप या विकारापासून दूरच असतात. भावकीनें आपली कुजबूज आवरावी हें बरें.

हा गुंता सोडविणारा विचार 1977 सालीं झुबिन व स्प्रिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं मांडला. सांगलीकर श्रोत्यांस तो समजण्यास कृष्णेचा पूर पुरेसा आहे. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलें कीं इशारा, 45 फुटांवर धोका. सखल वस्तींत पाणी आधीं शिरतें. उंच जोत्याचें घर त्याच पुरांत कोरडें राहतें. मात्र 2019 सारखा महापूर आला म्हणजे एरवीं कोरडीं राहणारीं घरेंही सुटत नाहींत. मनाचें जोतें किती उंच, हें जन्मापूर्वींच बरेंचसें ठरतें, आणि तेंही केवळ रक्तानें नव्हे. हॉलंडमध्यें 1944-45 च्या उपासमारीच्या ऐन भरांत जे जीव गर्भांत आले, त्यांच्यांत पुढें हा विकार सुमारें दुप्पट आढळला. चढतें पाणी म्हणजे आयुष्यांतले ताण: स्थलांतर, एकटेपणा, जागरण, कोवळ्या वयांत गांजाची संवय लागली तर आणखी भर.

याच सुमारास कोणी वडीलधारा तोडगा सुचवितो, "लग्न करून टाका, ताळ्यावर येईल." हा तोडगा क्रूर आहे. मुलीच्या माहेरापासून रोग लपवावयाचा, म्हणून गोळ्याही लपवावयाच्या; लपविलेल्या गोळ्या चुकतात; विकार उलटतो; आणि जिला कांहींच सांगितलें नव्हतें तिच्याच पायगुणाला बोल लागतो.

दुसरे कोणी बाहेरची बाधा शोधतात. मिरजेस वैद्यक शिकलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठीं झटले, तो त्यांच्या खुनानंतर 2013 सालीं झाला. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं साखळीनें बांधणें, मारणें हा आतां गुन्हा आहे.

या विकारावर गुणकारी औषध 1952 पासून उपलब्ध आहे. पण नुसत्या औषधानें भागत नाहीं. 1987 सालीं प्रसिद्ध झालेल्या चंदीगडच्या पाहणींत, लंडनच्या मानानें तेथील घरांतून रोग्यास टोंचून बोलणें कमी आढळलें, आणि विकार उलटण्याचें प्रमाणही कमी होतें.

सावरलेला तरुण वर्षभरानें विचारतो, "पुन्हा भट्टीवर जाऊं का?" याचें उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. गांव कोणतें, रात्रीं पुरती झोप मिळेल का, सोबत नात्यांतलें कोणी आहे का, गोळ्या तेथें मिळतील का, आणि मालकाला खरें सांगितलें आहे का, हें आधीं त्याच्याशीं बसून ठरवावें लागतें.