नाव आपल्या गावाचं, ताप मात्र 'अज्ञात'



१९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रोग्यांच्या रक्तात पुण्याच्या प्रयोगशाळेला नवा विषाणू सापडला. २००३ साली आंध्रात ३२९ पोरं मेंदूज्वरानं पडली, १८३ दगावली. कारण अज्ञात! पुण्यात नमुने तपासले, तेव्हा चांदीपुरा निघाला. २०२४ ला गुजरातेत पुन्हा तोच.

पोर दिवस-दोन दिवसांत हातचं जातं. तरी मणक्यातलं पाणी काढू द्यायला आपण भितो. अळी कोणती हे न बघता आपण कपाशी फवारतो का? मग डास मारायचे की भिंतीच्या भेगांतली वाळूमाशी, हे तपासल्याशिवाय कसं कळणार?

ताप, झटके दिसताच दवाखाना गाठू. 'अज्ञात' ऐकून परतायचं नाही. नमुना तपासणीला गेला का, हे विचारू.