माळवदाखालची दुनळी



आपल्या किल्ल्यातील जुनी तोफ पाहून ती घासूनपुसून एकदा डागून पाहावी, असे कोणाच्या मनात येत नाही. पण तोफेचीच धाकटी बहीण, दुनळी बंदूक, घरात सापडली की तरुण मंडळींचे हात शिवशिवू लागतात. याच गावातील एका स्नेह्यांच्या वाड्याचे माळवद उतरवताना तुळईच्या आडोशाला गोणपाटात गुंडाळलेली अशी एक दुनळी निघाली. आम्ही पोहोचलो तेव्हा नातू पॉलिश पेपर घेऊन बसलाच होता. "काका, नुसती घासून लख्ख करतो. मग ताईच्या लग्नात दोन बार काढू," असे तो म्हणाला. तो पॉलिश पेपर आम्ही आधी आमच्या खिशात घातला. का घातला, एवढेच आज सांगावयाचे आहे.

जुनी बंदूक रिकामीच असणार, हा समज माणसाच्या जिवावर बेतणारा आहे. कळ दाबून नळ्या खाली झुकवाव्यात आणि दोन्हींतून आरपार उजेड दिसतो की नाही ते पाहावे. बंदूक ठासणीची असेल तर मागून उघडत नाही. तेव्हा तोंडातून काठी घालून ती आत किती जाते हे नळीच्या बाहेरच्या लांबीशी ताडून पाहावे. काठी चार बोटे कमी गेली, तर आजोबांनी ठासलेला बार अजून आत आहे असे समजावे आणि बंदूक तेथेच ठेवून द्यावी.

आमची दुनळी रिकामी होती. नळ्यांवर इंग्रजी थाटाचे नाव कोरलेले होते, आणि त्यामुळे घरात ती 'विलायती' म्हणून प्रसिद्ध होती. नावावर विश्वास ठेवू नये. बेल्जममधील लिएज शहरात एकेकाळी बंदुकांचा मोठा धंदा चाले, आणि तेथून इंग्रजी वळणाची नावे घातलेला स्वस्त माल जगभर जात असे. बंदुकीची खरी जन्मपत्रिका वरच्या बाजूला नसून नळ्यांच्या पोटाशी असते. नळ्या दस्त्यापासून सोडवून उलट्या केल्या, की तेथे सरकारी चाचणीचे ठसे दिसतात. बर्मिंगहॅमची चाचणीशाळा १८१३ सालची. तिच्या ठशांत मुकुट येतो. लिएजचा ठसा अंडाकृती असून त्यात ई, एल, जी ही अक्षरे असतात, आणि त्यावर मुकुट असेल तर बंदूक १८९३ नंतर तपासलेली. आमच्या दुनळीवर मुकुटासह हाच ठसा निघाला. विलायत एका दिवसात बेल्जमला गेली. स्नेह्यांचा चेहरा थोडा उतरला.

आकडा १२ होता. त्याचा अर्थ इतकाच, की नळीच्या तोंडाइतक्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात.

नळ्यांवर मात्र पाहण्यासारखे काही होते. तेलाचा बोळा फिरवताच तपकिरी रंगाखालून वळणावळणाची नक्षी उमटली, साडीच्या काठावर असावी तशी. ही दमास्कस नळी. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या गजाभोवती गुंडाळून, तापवून ठोकून ती करीत. दिसावयास देखणी, पण ती घडली काळ्या दारूसाठी. आजच्या काडतुसांतील बिनधुराच्या दारूचा जोर निराळा. त्या दारूची चाचणी झालेल्या बेल्जमच्या नळीवर सिंह आणि त्याखाली पी, व्ही ही अक्षरे असतात. आमच्या नळ्यांवर सिंह नव्हता. शिवाय जुन्या बंदुकांचे काडतुसाचे घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते आणि आजचे काडतूस ७० चे. ते आत बसते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण उडताना त्याचे तोंड उघडावयास जागा मिळत नाही आणि दाब भलताच चढतो. नळी फुटते ती बहुधा डाव्या हाताजवळ.

माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तशीच नळ्यांची परीक्षा आहे. त्या दोरीने टांगून बोटाच्या पेराने ठोकाव्यात. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांमधील डाख शाबूत. आमच्या नळ्या बद्द वाजल्या. आतून पाहिले तर देवीच्या वणांसारखे खड्डे. अशा नळ्यांना निळा रंग चढवून देतो म्हणणारे कारागीर भेटतात, पण त्या कामातील उकळता कॉस्टिक उरलासुरला डाखही खाऊन टाकतो.

आता कागदाकडे वळू. आजींनी पेटीतून एक उर्दू परवाना काढून दिला. त्यावर साल होते फसली १३४६, म्हणजे इसवी सन १९३६-३७. निजामी राज्याचा काळ. "मामंजींनी हिच्यानं फक्त जोंधळ्यातली डुकरं हाकलली हो," असे आजींनी आम्हांला तीनतीनदा सांगितले. रझाकारांच्या दिवसांत या तालुक्यात घरात बंदूक असणे म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलेले आहे; कल्हाळीच्या गढीची झुंज येथे कोणाला सांगावयास नको. परवान्यावर बंदुकीचा नंबर होता, आणि दुनळीवरचा नंबर भिंगाखाली तोच निघाला. पॉलिश पेपर आणखी अर्धा तास चालला असता, तर हा नंबर गेला असता. मग ती आजोबांची बंदूक हे कशावरून सिद्ध करणार? १९५९ च्या शस्त्र कायद्याने ओळखखुणा पुसणे हाच गुन्हा आहे. दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. जुनी वस्तू म्हणून सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशाच हत्याराला. केवळ गंजली आहे एवढ्याने भागत नाही. आणि लग्नातील बारांविषयी म्हणाल, तर हर्षाने बेफिकीर गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. नातवाला हे ठाऊक नव्हते. खरे सांगावयाचे तर त्याच्या वडिलांनाही नव्हते.

परवानाधारक वारल्यावर वारसांनी हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावयाचे असते. या घरात ते राहून गेले होते. आम्ही सल्ला दिला तो असा: आधी लेखी अर्ज, मग बंदूक, पिशवीत घालून एस.टी.ने ती कोठेही न्यावयाची नाही. तसे झाले. दुनळी नंबरासह पंचनाम्यात नोंदली जाऊन ठाण्यात जमा झाली, उर्दू परवान्याची नक्कल सोबत जोडली, आणि वारस म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला.

ती परत मिळाली तर काय करावयाचे, हेही त्याच बैठकीत ठरले. अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचे तेल बोटाने चोळावयाचे, नळ्यांना पातळ तेलाचा हात, आणि तपकिरी रंग आहे तसा ठेवावयाचा. उडवण्याजोगी करण्यासाठी एक पैसाही खर्चावयाचा नाही. नातू थोडा हिरमुसला. मग त्याने ठशांचे फोटो मागून घेतले, आणि परवान्यावरचे उर्दू वाचून दाखवील असा माणूस गावात शोधावयास तो त्याच संध्याकाळी बाहेर पडला.